कोपरखळीचे वैद्यक

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये डॉक्टरांच्या पाट्या इतक्या आहेत की तिथून पायी जाणाऱ्या धडधाकट माणसालाही आपण कसली तरी तपासणी चुकवतोय, असे अपराधी वाटू लागते. हृदयाचे, मूत्रमार्गाचे, मेंदूचे, मनाचे, साखरेचे, नाक-कान-घशाचे. देवाने माणूस अखंड घडवला आणि पाट्या रंगवणाऱ्याने त्याच्या वाटण्या करून दिल्या. या वाटण्यांचा फायदा एका आजाराने फार शिताफीने उठवला आहे. तो ज्याला जडतो तो पन्नाशीचा गृहस्थ, रक्तदाब तीन-तीन गोळ्यांना जुमानत नाही म्हणून पहिल्या पाटीखाली जातो. रात्रीतून तीनदा उठावे लागते म्हणून दुसरी पाटी. सकाळी डोके जड म्हणून तिसरी. चिडचिड होते, कशात मन लागत नाही म्हणून चौथी. दुपारी बसल्या जागी पेंग येते म्हणून पाचवीखाली साखर तपासून येतो. आंधळ्यांनी हत्ती चाचपला त्या गोष्टीत निदान हत्ती जागा होता. इथे हत्तीच झोपलेला असतो आणि सोंडेतून आवाज येत असतो. आता दरवेळी असेच घडते असे नाही. चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतो, ‘घोरता का हो?’ आणि खरी पंचाईत तिथूनच सुरू होते, कारण गृहस्थ ताठ बसून, स्वच्छ मनाने उत्तर देतात, ‘छे! मुळीच नाही.’

हे उत्तर खोटे नसते, हीच त्यातली गंमत आहे आणि धोकाही. या आजाराला डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. आपण जागे असताना घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोप लागली की तेही पहारा सोडून सैलावतात, जीभ आणि पडजिभेजवळचा मऊ टाळू मागे कलतो आणि हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जे थरथरते ते घोरणे. वाट पुरतीच बंद झाली तर आवाजही बंद. छाती-पोट हवेसाठी धडपडत असतात, पण आत काही पोहोचत नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून घोषणा देतो, गृहस्थ फुर्रकन मोठा श्वास घेतात, कूस चाळवतात आणि पुन्हा झोपतात. निदान दहा सेकंदांचा असा खंड पडला तर तो मोजायचा, असा नियम आहे. तासाला पाच ते पंधरा वेळा श्वास असा अडला किंवा तोकडा पडला तर सौम्य, पंधरा ते तीस वेळा मध्यम आणि तिसाच्या वर गेला तर तीव्र. तिसाच्या वर म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. रात्रभर कुणी दर दोन मिनिटांनी दाराची कडी वाजवली तर आपण पोलीस बोलावू. पण ही जाग इतकी क्षणिक असते की सकाळी तिची आठवण उरत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की या आजारात रुग्णाची साक्ष ग्राह्य धरू नये. शेजारी जो झोपू शकत नाही त्याची धरावी.

जबलपूर हे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे गाव असल्यामुळे इथे साक्षीपुराव्याची भाषा कुणाला परकी वाटणार नाही. ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही, हे आपण चहाच्या टपरीवरही एकमेकांना बजावतो. पण २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे साठावे कलम नीट वाचले तर ते सांगायचे की गोष्ट ऐकू येण्याजोगी असेल तर ज्याने ती स्वतःच्या कानांनी ऐकली त्यानेच साक्ष द्यावी. म्हणजे घोरण्याच्या खटल्यात बायकोची साक्ष ऐकीव नाहीच, ती प्रत्यक्ष आहे. उलट नवऱ्याचे ‘मी घोरत नाही’ हे विधान अशा माणसाचे आहे की जो घटनेच्या वेळी घटनास्थळी हजर असूनही गैरहजर होता. गळा आवळण्याच्या गुन्ह्याचा तपास या गावाने पूर्वी एकदा केलेला आहे. १८३० च्या दशकात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्धची मोहीम जबलपुरातून चालवली. ठगीच्या व्याप्तीबद्दल इतिहासकारांत वाद आहेत, पण स्लीमनची अडचण सगळ्यांना मान्य व्हावी: ज्याच्या गळ्याभोवती रुमाल पडला तो तक्रार नोंदवायला येत नाही. म्हणून त्याने फिरंगिया नावाच्या ठगासारखे माफीचे साक्षीदार उभे केले आणि त्यांच्या जबान्यांवर खटले चालवले. रात्री आपल्याच जिभेने आपला गळा दाबणाऱ्या गृहस्थाची गत तीच आहे. फरक इतकाच की त्याचा माफीचा साक्षीदार वीस-पंचवीस वर्षे त्याच खोलीत राहतो, रोज सकाळी जबानी देतो, आणि रोज सकाळी ती ‘तुझं आपलं काहीतरीच’ या शेऱ्यानिशी फेटाळली जाते.

जागेपणाची गोष्ट निराळी असते. नेपियर टाउनमधल्याच भंवरताल उद्यानात मौलश्रीचे, म्हणजे आपल्या बकुळीचे, एक झाड आहे. २१ मार्च १९५३ रोजी त्या झाडाखाली आपल्याला बोध झाला, असे रजनीश सांगत. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. त्यांची साक्ष मानायची की नाही हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू, पण ती द्यायला तेच योग्य होते एवढे कबूल करायला हवे. आपण जागे झालो, ही साक्ष माणूस स्वतः देऊ शकतो. आपण घोरलो, ही नाही. ‘मी पाहिलं, मी घोरत नव्हतो’ असे म्हणणाऱ्याला एक तर झोप लागली नव्हती किंवा मोक्ष मिळाला होता. त्या बकुळीखालून एकजण जागा होऊन थेट पुण्यापर्यंत गेला. त्याच परिसरातल्या दवाखान्यांच्या बाकांवर नंबर लागेपर्यंत माना टाकून बसलेल्या मंडळींना मात्र नावाने दोनदा पुकारावे लागते, आणि दचकून उठल्यावरही ती म्हणतात, ‘नुसते डोळे मिटले होते.’

आता लोकांचा पहिला आक्षेप. घोरणे म्हणजे गाढ झोप, त्यात आजार कसला? या समजुतीला आपली भाषाच जबाबदार आहे. ‘मस्त घोरत पडलाय’ या तीन शब्दांत मराठी माणसाने मत्सर, कौतुक आणि निदान तिन्ही कोंबले आहे. घोरणाऱ्याकडे पाहून आपण ‘सुखी आहे लेकाचा’ म्हणतो. दोरीवर गळा अडकलेल्या माणसाला ‘काय सुंदर झोका घेतोय’ म्हणण्यातलाच हा प्रकार. या गैरसमजाचा आद्य बळी कुंभकर्ण. इंद्रासन मागायला गेला आणि सरस्वती जिभेवर बसल्यामुळे निद्रासन मागून बसला, अशी कथा सांगतात. म्हणजे त्याचेही दुखणे जिभेपासूनच सुरू झाले. देह अवाढव्य, भूक अफाट, झोप अनावर, आणि वाल्मीकींनी वर्णन केले आहे की झोपलेल्या कुंभकर्णाच्या श्वासाच्या झोताने राक्षसांना त्याच्यापुढे उभे राहता येईना. एवढी लक्षणे एका जागी आल्यावर रावणाने काय करावे? त्याने ढोल पाठवले, शंख पाठवले, हत्ती पाठवले. त्याला कुशीवर वळवून पाहावे, हे संपूर्ण लंकेत एकालाही सुचले नाही. त्याची निद्रा त्या फसलेल्या वराची होती, हे खरे. पण आपण त्याच्या नावाने जी ‘कुंभकर्णी झोप’ म्हणतो ती मात्र पुष्कळदा झोपच नसते. घड्याळ आठ तास दाखवते, पण मेंदूच्या वहीत खाडाखोडच जास्त असते. म्हणून असा माणूस आठ तास झोपून उठतो आणि रात्रपाळी करून आल्यासारखा दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यात आजोबा येतात. आजोबा वाडा हादरेल असे घोरायचे आणि ठणठणीत राहून नव्वदीत गेले. आजोबांशी वाद घालणे शिष्टाचारात बसत नाही, आणि गरजही नाही. प्रत्येक घोरणाऱ्याला स्लीप अ‍ॅप्निया नसतो. नुसता एकसुरी, रेल्वे इंजिनासारखा चालणारा आवाज त्रासदायक असतो, पण तो बहुधा शेजाऱ्यालाच. खरा पुरावा आवाजात नसून आवाज तुटण्यात आहे. घोरणे चढत जाते, एकाएकी थांबते, खोलीत सुरेख शांतता पसरते, शेजारची व्यक्ती ‘चला, सुटलो’ म्हणून डोळे मिटते, आणि दहा, वीस, कधी तीस सेकंदांनी बाटलीचे बूच उडावे तसा फुत्कार येऊन घोरण्याची पुढची फेरी सुरू होते. या मधल्या शांततेला घाबरायला हवे. ती शांतता कुणी ऐकली का, एवढेच विचारायचे. शिवाय ही तुरळक माणसांची गोष्ट नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली आणि २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. झोपेतला श्वास बिघडल्याचे प्रमाण १९.५ टक्के निघाले आणि त्याबरोबर दिवसाची झापड वगैरे लक्षणेही असलेले ७.५ टक्के. हे लोक स्वतःला निरोगी समजून आले होते. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये देशातल्या अशा पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा कामाच्या वयातले सुमारे १०.४ कोटी भारतीय या आजाराच्या कक्षेत आले आणि त्यांतले ४.७ कोटी मध्यम ते तीव्र गटात. या प्रमाणात पाहिले तर मुंबईला निघालेल्या गरीबरथच्या एका डब्यात निदान तीन-चार रुग्ण निघावेत. ते कोणते, हे मात्र त्यांच्याखेरीज सगळ्या डब्याला माहीत असते.

दिवसाची झापड मोजायला मरे जॉन्स नावाच्या डॉक्टरांनी मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयात एक प्रश्नावली बनवली आणि १९९१ मध्ये छापली. आठ प्रसंग, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेलात तर डॉक्टरकडे जा. प्रश्नावली उत्तम आहे, फक्त ती करताना मराठी माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. दुपारी आडवे झाल्यावर झोप लागते का, असा एक प्रश्न आहे. आपल्याकडे तो प्रश्न नसून दिनक्रम आहे. जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी येते का, हा दुसरा. श्रीखंड-पुरीनंतर ज्याला येत नाही त्याचीच तपासणी व्हावी. सभेत स्वस्थ बसल्यावर झोप येते का, या तिसऱ्या प्रश्नाला तर अध्यक्षीय भाषण ऐकलेला प्रत्येकजण तीनपैकी तीन घेईल, आणि तो आजार नसून अभिरुचीचा भाग मानला पाहिजे. पण उरलेल्यांतले दोन प्रश्न हसण्यावारी नेता येत नाहीत. कुणाशी समोरासमोर बसून बोलताना डोळा लागतो का? आणि गाडी रहदारीत काही मिनिटे थांबली असताना? रसेल चौकात सिग्नल हिरवा होऊन मागच्यांनी हॉर्नची आळवणी सुरू केल्यावर जो दचकतो, त्याने विनोद पुरे करावा. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका ५१ वर्षांच्या लठ्ठ व्यावसायिकाची हकीकत लिहिली आहे. पत्त्यांच्या डावात त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तशा हाताने तो झोपून गेला. इतका डाव हातचा गेल्यावर मात्र तो रुग्णालयात दाखल झाला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या, सदा पेंगणाऱ्या जाड्या जो या पोराची आठवण होऊन त्या डॉक्टरांनी या दुखण्याला पिकविकचे नाव दिले. ते दुखणे स्लीप अ‍ॅप्नियाचे सख्खे भावंड आहे, तेच ते नव्हे. पण धडा एकच. रक्तदाब वाढला तर माणूस दुर्लक्ष करतो. हातातले तीन एक्के गेले की त्याला प्रकृतीची काळजी वाटू लागते.

पत्त्यांपेक्षा मोठे नुकसान रस्त्यावर होते. जबलपूरहून लखनादौन, सिवनी करत नागपूरला जाणारा रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे की पूर्वी जे काम खड्डे करायचे, म्हणजे चालकाला जागे ठेवायचे, ते कुणीच करत नाही. उपचार न घेतलेल्या स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असतो, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज सांगते. त्यात त्याच्याबरोबर समोरून येणाराही असतो, आणि त्याने रात्री छान झोप घेतलेली असू शकते. शिवाय रात्रभर प्राणवायूचा चढउतार सोसून रक्तदाब वर राहतो, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, पक्षाघाताची भीती वाढते. बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेले, तेव्हा रुग्णालयाने कारणांत स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव घेतले. ज्या गळ्याचे बाहेरचे सोने सगळ्या देशाने पाहिले त्याच्या आतल्या अरुंद वाटेची बातमी देशाला त्या दिवशी लागली. अनेक घरांत तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो तेव्हाच.

‘पण मी कुठे जाडा आहे?’ हा तिसरा आक्षेप सडपातळ मंडळींचा, आणि ‘बायका कुठे घोरतात?’ हा चौथा सगळ्यांचा. वजन हे मोठे कारण आहेच. टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये छापलेल्या चाचणीत घोरणे, थकवा, कुणी श्वास थांबताना पाहणे, रक्तदाब, वजन, पन्नाशी, गळ्याचा घेर आणि पुरुष असणे असे आठ मुद्दे आहेत. गळ्याचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे साधारण सोळा इंची कॉलर. या हिशेबाने आपल्या शिंप्याला आपली प्रकृती डॉक्टरआधी कळत असते आणि तो सभ्यपणाने गुंडीच सरकवून देतो. पण जबडा लहान किंवा हनुवटी मागे असेल तर काटकुळ्या माणसाच्याही जिभेला मागे जागा पुरत नाही. लहान मुलांत वाढलेले टॉन्सिल तेच काम करतात. तोंड उघडे टाकून घोरणारे, शाळेत लक्ष नसलेले मूल आळशी असेलच असे नाही. राहिल्या बायका. त्यांच्यात हा आजार पुरुषांपेक्षा कमी दिसतो खरा, पण रजोनिवृत्तीनंतर तो वाढतो, आणि त्यांची तक्रारही निराळी असते: झोप लागत नाही, सारखा थकवा, डोकेदुखी, उदासी. या चारही गोष्टींना आपल्या घरांत ‘बायकांचं असंच असतं’ असे एकच निदान उपलब्ध असल्यामुळे पुढची तपासणी होत नाही. त्यात साक्षीदाराचाही प्रश्न आहे. तिचा श्वास अडला तर ऐकायला जो शेजारी हवा तो स्वतःच वाडा हादरवण्याच्या कामात असतो.

उपायांचे म्हणाल तर आपल्या पूर्वजांनी निदान एक औषध भाषेतच घालून ठेवले होते. वामकुक्षी म्हणजे डावी कूस. त्यांचा हेतू अन्न पचवण्याचा होता, पण उताणे झोपल्यावर जीभ जशी मागे पडते तशी कुशीवर पडत नाही, आणि काहींचा त्रास एवढ्यानेच बराच कमी होतो. रात्री दचकून उठलेल्या मराठी गृहिणीचे ‘अहो, कूस बदला’ हे वाक्य म्हणजे आपल्या समाजातले सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त प्रिस्क्रिप्शन आहे. झोपण्याआधीचे मद्य आणि डॉक्टरला न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घशाला आणखी सैल करतात, म्हणून दोन्ही बंद. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर श्वास अडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत दिसले आहे. हे वाक्य जबलपुरात खोव्याच्या जिलेबीसमोर उभे राहून वाचू नये. घशाच्या व्यायामाचेही पुरावे आहेत. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियन आदिवासींचे डिजरीडू हे लांबलचक फुंकवाद्य रुग्णांना चार महिने वाजवायला लावले, फायदा दिसला, २००६ मध्ये निबंध आला आणि २०१७ मध्ये त्यांना इग नोबेल या गमतीच्या नोबेलचे शांततेचे पारितोषिक मिळाले. शांततेचे, हे विशेष. जयपूरच्या डॉक्टरांनी तोच प्रयोग शंख फुंकायला लावून केला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांत दिवसाची झापड कमी झाली, तासाला चार-पाच अडथळे घटले. अवघ्या तीस माणसांवरचा प्रयोग आहे, तेव्हा लगेच ‘बघा, आपल्या ऋषींना सगळं ठाऊक होतं’ म्हणून शंख करू नये. ज्याचे अडथळे तासाला चाळीस आहेत त्याचे शंखाने पस्तीस होतील, आणि पहाटे शंख वाजवल्यामुळे शेजाऱ्यांची झोप वेगळीच मोडेल. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या तर फक्त आवाज थोडा कमी करतात. त्या म्हणजे चोर घरात शिरू नये म्हणून कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखे आहे.

मध्यम आणि तीव्र आजाराचा मुख्य उपाय आहे सीपॅप नावाचे यंत्र. नाकावर मुखवटा, त्याला नळी, आणि उशाशी एक छोटी पेटी, जी हलक्या दाबाची हवा घशात सोडून वाट उघडी धरते. १९८१ पूर्वी तीव्र रुग्णासाठी गळ्याला छिद्र पाडण्यापलीकडे फारसे काही नव्हते. त्या वर्षी सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी पाच रुग्णांवर हा नवा उपाय करून ‘लॅन्सेट’मध्ये छापला, सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटार होती आणि वारा उलटा वाहत होता. घरातली धूळ ओढणाऱ्या यंत्राने घरातला गोंगाट थांबवला. यावरचा आक्षेप ठरलेला आहे: ‘ही असली सोंड लावून झोपायचं? लोक काय म्हणतील?’ पहिली गोष्ट, रात्री अडीच वाजता लोक नसतात. दुसरी गोष्ट, दात काढून पेल्यात ठेवणे, चष्मा उशाशी ठेवणे, गुडघ्याला पट्टा बांधणे हे सारे ज्या घरात गुण्यागोविंदाने चालते त्या घराने एका नळीवर लाजावे हे बरे नाही. आणि सोंडेचे म्हणाल तर आपण दरवर्षी दहा दिवस सोंडेचीच आरती करतो. अधिक प्रामाणिक आक्षेप असा की यंत्राने आयुष्य वाढते का? २०१६ मध्ये आलेल्या मोठ्या प्रयोगात, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांत, यंत्रामुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. झापड गेली, मन हलके झाले, कामावरच्या रजा घटल्या. झटके मात्र तेवढेच. हे लपवण्याचे कारण नाही. पण त्याच प्रयोगात लोकांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. अर्धी रात्र छत्री मिटून चाललो आणि भिजलो, याचा दोष छत्रीच्या कापडावर कितपत टाकायचा, हा वादाचा मुद्दा आहे. ज्यांना यंत्र सोसवत नाही त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारी कवळी दंतवैद्य बनवतात, काहींना शस्त्रक्रिया लागते, लठ्ठ रुग्णांसाठी २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवणाऱ्या टिर्झेपाटाइडला या आजारासाठी मान्यता मिळाली. कोणाला काय, हे रात्रभराच्या तपासणीनंतर ठरते. ती आता पुष्कळदा घरच्या अंथरुणातही बोटाला आणि छातीला तारा लावून होते. जबलपुरात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनरोगांसाठी स्वतंत्र संस्था आहे, आणि नेपियर टाउनच्या पाट्यांत छातीचे व नाक-कान-घशाचे डॉक्टर आहेतच. पाटी शोधणे अवघड नाही, तिच्याखाली कुणाला घेऊन जायचे ते कळणे अवघड आहे.

ते कळावे म्हणूनच हा सगळा खटाटोप. शास्त्राने आता आमच्या साक्षीदाराची बाजू घेतली आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात एका खुणेचा अभ्यास छापला. झोपेच्या दवाखान्यात आलेल्या रुग्णांना त्यांनी विचारले, की रात्री शेजारी झोपणारी व्यक्ती तुम्हाला कोपराने ढोसते का? ज्यांना ढोसण्या मिळत होत्या त्यांच्यात आजार निघण्याची शक्यता अधिक होती. त्या खुणेला त्यांनी कोपराचेच नाव दिले. आपल्याकडे तिला आधीपासून कोपरखळी म्हणतात, फक्त ती आपण टोमणा समजत आलो. तेव्हा डॉक्टरकडे जाताना फायली, जुने कार्डिओग्राम, साखरेचे कागद न्याच, पण सोबत ती कोपर मारणारी व्यक्तीही न्या आणि निदान पाच मिनिटे तिला मध्ये न तोडता बोलू द्या. एकटे राहणाऱ्याने उशाशी फोन ध्वनिमुद्रणावर ठेवावा, किंवा वसतिगृहातल्या खोलीमित्राला, प्रवासातल्या वरच्या बर्थवाल्याला मोकळेपणी विचारावे. तो सत्य सांगायला रात्रभर उतावीळ झालेला असतो. आणि घरी ज्याला आज रात्री बरगडीत कोपर बसेल त्याने सकाळी नेहमीचे ‘तुझं आपलं काहीतरीच’ गिळून टाकून चहाबरोबर एकच प्रश्न विचारावा. त्या कॅनडाच्या डॉक्टरांनीही हाच फरक विचारला होता. ‘कोपर मारलंस ते मी घोरत होतो म्हणून, की घोरायचा थांबलो म्हणून?’